शाळेचा पट ७, मग फलाटावर एवढी माणसं आली कुठून?

कातळकोना (रवि, रात्री ९:४०)

मंडळी, गणपतीत भावाशी वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. म्हणून इथे मांडतो.

मी कणकवली तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पहिली ते चौथी मिळून पट ७. हजेरी घ्यायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. मी याच शाळेत शिकलो तेव्हा एक वर्ग व्हरांड्यात आणि एक आंब्याखाली बसायचा. आता खिचडी शिजवणाऱ्या ताईंना प्रश्न पडतो, की एवढ्या मोठ्या पातेल्याच्या तळाशी एवढीशी खिचडी करपू न देता ढवळायची कशी.

भाऊ कल्याणला असतो. आरती झाल्यावर म्हणाला, "दादा, तुला इथे बसून काय कळणार? सकाळच्या गाडीत एकदा चढून दाखव. देश बुडाला लोकसंख्येने." मी म्हटलं, बुडाला ना, मग आमच्या वाडीत घोट्याएवढंही पाणी कसं नाही?

२०११ च्या खानेसुमारीला मी प्रगणक होतो. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर हिंडायचं, मग मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत पुन्हा फेरी. एका घरी एक म्हातारी एकटीच. मी विचारलं, "घरात माणसां किती?" म्हणाली, "सात." तीन झील, दोन सुना, एक नातू, आणि ती. सगळे मुंबईत. मी नियम सांगितला: जो या दिवसांत इथे राहतो त्याचंच नाव इथे, बाकीच्यांची नावं तिकडचा माणूस लिहील. तर म्हणाली, "मगे घर कोणाचा? माझ्या एकटीचा?" तिने चहा दिला, पण मी उठेपर्यंत पुन्हा बोलली नाही. रकान्यात १ लिहून बाहेर पडलो.

निकाल आले तेव्हा कळलं, अशा म्हाताऱ्या जिल्हाभर होत्या. २००१ मध्ये सिंधुदुर्गात ८ लाख ६९ हजार माणसं होती, २०११ मध्ये ८ लाख ५० हजार भरली. रत्नागिरी तर ४.८ टक्क्यांनी घटली. आणि गंमत म्हणजे मुंबई शहर जिल्हाही घटला, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आला. ठाणे जिल्हा मात्र ३६ टक्क्यांनी फुगला आणि एक कोटी दहा लाखांवर गेला.

परवा ग्रामपंचायतीत सहज विचारलं. गेल्या वर्षी आमच्या गावात जन्म ४, मृत्यू ११. म्हणजे आमची नैसर्गिक वाढ उणे ७. इथे माणूस उरत नाही आणि देश मात्र वाढतोच आहे. हे गणित कुणीतरी नीट समजावा. चौथीच्या पोरांना सांगता येईल इतकं सोपं करून.

तिरकीट (रवि, रात्री ९:५२)

गणपतीत भावाशी वाद घातला नाही तर नैवेद्य पोचत नाही म्हणतात. वाचतोय.

कल्याण_स्लो (रवि, रात्री १०:०५)

कातळकोना, तुमचा भाऊ मी नाही, पण माझं म्हणणं तेच आहे. विदा (म्हणजे डेटा) वगैरे ठीक, पण सकाळी फलाट क्रमांक चारवर उभं राहिलं की सगळे आकडे घामाबरोबर गळून जातात. दोन मुलांचा कायदा करा आणि मोकळे व्हा. चीनने केलं, आपण का नाही?

विदाविदुषी (रवि, रात्री ११:३०)

मास्तर, चांगला धागा काढलात. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत दोन वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं लांबेल. हलके घ्या.

नैसर्गिक वाढ म्हणजे जन्म वजा मृत्यू. बस. त्यात कोण कुठून आलं आणि कुठे गेलं हे धरतच नाहीत. तुमच्या वाडीची नैसर्गिक वाढ आणि तुमच्या वाडीची लोकसंख्या या दोन वेगळ्या वह्या आहेत. कल्याणचा फलाट तर तिसरीच वही. त्या गर्दीतले निम्मे लोक कल्याणला जन्मलेले नसतील. ते तुमच्या शाळेतून वजा झालेले, किंवा आणखी कुठल्या तरी शाळेतून.

आता देशाची वही. १९२१ च्या आधी भारतात जन्मदर आणि मृत्युदर दोन्ही हजारी चाळिशीच्या वर होते. बायका सात-आठ बाळंतपणं करायच्या आणि दुष्काळ, प्लेग, पटकी, देवी हिशेब बरोबर करून टाकायच्या. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत तर लोकसंख्या किंचित घटली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने एकट्या भारतात एक कोटीहून जास्त माणसं नेली आणि मुंबई इलाख्याला त्याचा फटका फार बसला. १९२१ नंतर मात्र एकही दशक घटीचं नाही. म्हणून लोकसंख्येच्या अभ्यासात त्या सालाला महाविभाजनाचं वर्ष म्हणतात. (अवांतर: त्याच १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्यांच्या वेळेच्या अचूकपणाला दाद द्यायला हवी. समाजाने तेव्हा काय दिलं ते सर्वांना माहीत आहे.)

आपल्याकडे आधी मरणं कमी झाली, जन्म बऱ्याच नंतर. त्या दोन घटनांच्या मधली जी ३०-४० वर्षं आहेत, तिथे सगळा फुगवटा. मलेरियाची फवारणी आली, लसी आल्या, १९७५ नंतर देवीचा रोगी उरला नाही. पण घरोघरी मुलं मात्र आजीच्या हिशेबानेच होत राहिली. १९७१ मध्ये हजारी जन्म ३६.९ आणि मृत्यू १४.९. फरक २२. त्या दशकांत देश दर दहा वर्षांनी २४-२५ टक्क्यांनी वाढत होता.

२०२० मध्ये जन्म १९.५, मृत्यू ६. फरक १३.५. म्हणजे वेग निम्म्याच्या जवळ आला. मग तरी वाढ का जाणवते? पोरांना हे गणित घाला: ५५ कोटींचे हजारी २२ किती? साधारण १ कोटी २० लाख. आणि १३८ कोटींचे हजारी १३.५? सुमारे १ कोटी ८५ लाख. दर उतरला, पण ज्या रकमेवर तो लागतो ती रक्कम अडीचपट झाली. व्याजदर कमी झाला तरी मुद्दल मोठं असलं की व्याज जास्तच येतं, तसं.

तरीही एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. २००१ ते २०११ मध्ये जेवढी माणसं वाढली ती १९९१ ते २००१ पेक्षा किंचित कमी होती. १९२१ नंतर असं पहिल्यांदाच घडलं.

तिरकीट (रवि, रात्री ११:४१)

वाखुसा (वाचनखूण साठवली). चौथीच्या पोरांना हजारी २२ चे गणित घातलेत तर पट ७ वरून ५ वर येईल.

कातळकोना (सोम, सकाळी ६:५०)

व्याजाचं उदाहरण चाललं. पण एक अडलं. आता एका बाईला सरासरी दोनच मुलं होतात म्हणतात, मग वाढ थांबायला नको का? आई-बाप दोन, मुलं दोन. वाढायचं काय?

विदाविदुषी (सोम, सकाळी ८:१५)

थांबेल, पण लगेच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.० आला. महाराष्ट्र १.७, गोवा १.३. प्रतिस्थापन पातळी, म्हणजे एका पिढीची जागा पुढच्या पिढीने जेमतेम भरायला लागणारा दर, २.१ धरतात, त्याच्याही हे खाली. पण आज ज्या मुली आई होत आहेत त्या जन्मल्या तेव्हा, म्हणजे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, हाच दर ३.४ होता. त्यामुळे आया होणाऱ्या मुलीच संख्येने भरपूर. प्रत्येकीने दोनच मुलं जन्माला घातली तरी पाळणे पुष्कळ हलतात. आणि तिकडे मरणाच्या वयाला पोचलेली पिढी मुळात लहान, १९४०-५० मध्ये जन्मलेली. जन्म पुष्कळ, मृत्यू थोडे.

देशावरच्या माणसाला सांगायचं तर, विहिरीवरची मोटर बंद केली तरी पाटात असलेलं पाणी वाफ्यात येतच राहतं. आपण मोटर बऱ्यापैकी बंद केली आहे. पाट लांब आहे. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज असा, की २०६० च्या दशकात आपण १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरू लागू.

नर्सबाई_बार्शी (सोम, दुपारी ३:२०)

नात टाइप करतेय, मी सांगतेय. चुका तिच्या.

मी १९७४ ला एएनएम, म्हणजे गावची नर्स, म्हणून लागले. सहा गावं, सायकल नाही, एसटी आली तर आली. घरात गेलं की पहिला प्रश्न, "बाई, लेकरं किती?" आणि उत्तर कधीच एका आकड्यात यायचं नाही. "झाली सात, हायती चार." सगळ्या बाया असंच सांगायच्या. झाली किती आणि राहिली किती. माझ्या रजिस्टरलाही तसे दोन रकाने होते. आता कुणाला विचारा, एकच आकडा सांगतात. तुम्ही मोठे मोठे दर लिहिता, मला तेवढ्यातच सगळं कळतं.

ताई म्हणतात मरणं आधी कमी झाली, जन्म नंतर. मधे वेळ का गेला ते मी सांगते. बाईला भरवसा यायला वेळ लागतो. सरकारी कागदावर बालमृत्यू कमी झाला म्हणून कुणी ऑपरेशनला येत नाही. शेजारणीची तिन्ही जगली, जावेची दोन्ही जगली, असं आठ-दहा वर्षं डोळ्यांनी बघितलं की मग ती विचारते, "बाई, ते तांबीचं काय असतं?" १९७१ ला देशात हजारातली १२९ लेकरं पहिल्या वाढदिवसाआधी जायची. २०२० ला २८. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि महिन्याच्या आत मरणारी बाळं निम्म्याहून कमी केली. मी म्हणते कुटुंबनियोजनाचं सगळ्यात मोठं काम तेच. त्यात नियोजनाचा शब्दही नाही.

आणि ते "कायदा करा" म्हणणारे भाऊ. लेकरा, आम्ही बघितलाय कायदा. १९७६ साल. आम्हाला नसबंदीचा कोटा, मास्तरांना कोटा, तलाठ्याला कोटा. कोटा पुरा नाही तर पगार थांबायचा. जीप दिसली की बाप्ये उसात पळायचे. एका गावात, नाव नाही लिहायचं, साठीच्या पुढच्या माणसाला आणलं होतं. त्याची म्हातारी वारून दहा वर्षं झालेली. मी डॉक्टरांना म्हटलं, याचं कशाला? ते म्हणाले, बाई, आकडा बघा, माणूस बघू नका. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नात म्हणते आकडे लिही. त्या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, आणि सरकार पडल्यावर पुढच्या वर्षी दहा लाखसुद्धा नाहीत. पुरुष जे पळाले ते पळालेच. त्यानंतर सगळं बाईवर. टाक्याचं ऑपरेशन, दुर्बिणीचं ऑपरेशन, सगळं तिचंच. पुरुषांची बिनटाक्याची किती सोपी, दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण "मला शेतात वजन उचलायचं असतं" हे ठरलेलं उत्तर. आणि ती काय फुलं उचलते का?

विदाविदुषी (सोम, दुपारी ३:५८)

नर्सबाई, दंडवत. तुमचे दोन रकाने म्हणजे अख्खं पाठ्यपुस्तक आहे.

फक्त विदा जोडते: २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. आणि कल्याण_स्लो, १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत करणारी विधानसभा आपलीच, महाराष्ट्राची. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो. त्याच्या दोन वर्षं आधी डॉ. करण सिंग बुखारेस्टच्या परिषदेत सांगून आले होते, की विकास हेच सर्वांत चांगलं संततिप्रतिबंधक. सांगायचं एक आणि करायचं एक.

स्पष्टवक्ता (सोम, सायं ६:१२)

एवढा काथ्याकूट चालला आहे, पण खरा मुद्दा सगळे टाळताहेत. कोणाच्या घरात दोन आणि कोणाच्या घरात सहा, ते लिहा की.

विदाविदुषी (सोम, सायं ७:०५)

टाळत नाही, लिहिते. एका बाईमागे सरासरी मुलं, १९९२-९३ ला हिंदू ३.३, मुस्लिम ४.४. २०१९-२१ ला हिंदू १.९४, मुस्लिम २.३६. सहा कुठेच नाही. अंतर होतं, आहे, आणि ते निम्म्याहून कमी झालंय, कारण मुस्लिम स्त्रियांमध्ये उतार जास्त वेगाचा आहे. आणि बिहारमधल्या हिंदू बाईला केरळातल्या मुस्लिम बाईपेक्षा सरासरी जास्त मुलं होतात. तेव्हा देवघराआधी जिल्हा, शाळा आणि लग्नाचं वय विचारावं.

स्पष्टवक्ता (सोम, सायं ७:११)

आकडे काय, कसेही मांडता येतात.

तिरकीट (सोम, सायं ७:१३)

मग मांडा की तुम्ही. धागा मोकळाच आहे.

गंगाकाठचा_बँकवाला (सोम, रात्री १०:२०)

बिहारचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. मूळचा साताऱ्याचा, बदलीमुळे चार वर्षं पाटण्याजवळच्या शाखेत आहे.

इथे जन्मदर हजारी २५.५ आहे (२०२० चा), महाराष्ट्रात १५. पण बाहेरून येणारा माणूस बिहार आहे तिथेच आहे असं समजतो, ते खोटं. २००५-०६ ला इथला प्रजनन दर ४.० होता, नंतर ३.४, मग ३.०. १९९२-९३ च्या सुमाराला महाराष्ट्र जिथे होता, त्याच्या आसपास हे आता पोचताहेत.

माझ्या काउंटरवर हे दिसतं. मुलगी पदवीधर झाली की राज्य सरकार तिच्या खात्यात ५० हजार जमा करतं, म्हणून खाती उघडायला आया मुलींना घेऊन येतात. एका बाईंना फॉर्म भरता भरता विचारलं, तुम्ही किती भावंडं? आठ. तुम्हाला मुलं? चार. मुलगी शेजारी उभी होती, कॉलेजची पिशवी खांद्याला. मी गमतीने विचारलं, "और तुम?" ती म्हणाली, "पहले नौकरी." आई तिच्याकडे बघतच राहिली. आठ, चार, आणि पुढच्या रकान्यात नोकरी!

पण उलट बाजूही आहे. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांची लग्नं इथे अठराच्या आत झालेली असतात. आमच्याकडचे शिपाईमामा बेचाळीसचे आहेत, परवा आजोबा झाले. पेढे वाटले. मी एक्केचाळीसचा, माझा पोरगा दुसरीत.

विदाविदुषी (सोम, रात्री १०:४८)

हे शिपाईमामांचं उदाहरण फार मोलाचं आहे. किती मुलं याकडेच सगळे बघतात, कधी याकडे कुणी बघत नाही. विसाव्या वर्षी पिढी उलटली तर साठ वर्षांत तीन पिढ्या. तिसाव्या वर्षी उलटली तर दोन. दोघांनी दोनदोनच मुलं केली तरी पहिल्या घरात जास्त माणसं एका वेळी जिवंत असतात. मुलीचं लग्न चार वर्षं पुढे ढकललं तर नैसर्गिक वाढ तेवढ्यानेच उतरते, कुणाला ऑपरेशन टेबलावर न झोपवता.

दप्तरदार (मंगळ, सकाळी ११:०५)

३१ वर्षं ग्रामसेवक होतो, आता निवृत्त. मास्तर, तुमच्या धाग्यातच एक चूक आहे. जन्म ४, मृत्यू ११ म्हणून नैसर्गिक वाढ उणे ७, असं नाही काढता येत.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे घडतो तिथे नोंदवायचा. तुमच्या गावात बाळंतपण आता होतं कुठे? सूनबाई पहिल्या खेपेला माहेरी जाते, ती नोंद माहेरच्या बाजूला. दुसऱ्या खेपेला कणकवलीच्या नाहीतर ओरोसच्या दवाखान्यात, ती नोंद तिथे. गावात नोंदले जातात ते जे रस्त्यात अडकले, घरीच झाले तेवढेच. म्हाताऱ्या माणसाला मात्र शेवटी गावच हवं असतं. मुंबईला जन्म काढलेला माणूस दुखणं वाढलं की मुलाला म्हणतो, गावाक नेऊन सोड. त्याची मृत्यूची नोंद माझ्या वहीत. म्हणजे जन्म बाहेर, मरण घरात. तुमची वही उणेच दिसणार.

उलट ज्या शहरात मोठं रुग्णालय, तिथला जन्मदर बघा. आकाशाला भिडलेला. एका वर्षी वरच्या साहेबांनी एका नगरपालिकेला पत्र काढलं होतं, की तुमच्याकडे कुटुंबनियोजन ढासळलंय. खरं कारण: गावात तीन नवी प्रसूतिगृहं निघाली होती.

म्हणून देशाचे दर आमच्या वहीवरून काढत नाहीत. त्यासाठी नमुना नोंदणी पद्धती आहे. देशभरात आठ हजारांवर ठिकाणं निवडलेली. तिथे एक स्थानिक माणूस, बहुतेक शिक्षक नाहीतर अंगणवाडीताई, वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. तिथल्या रहिवाशाचा जन्म-मृत्यू बाहेर घडला तरी धरायचा. मग दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस येतो, पहिल्याची वही न बघता घरोघर विचारतो. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवायच्या, जिथे जुळत नाही तिथे पुन्हा जाऊन खात्री करायची. ताईंनी वर दिलेले १९.५ आणि ६ त्यातूनच आलेले असणार.

जाता जाता दोन मुलांच्या कायद्याबद्दल. तो आपल्याकडे आहेच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. निवडणूक लागली की माझ्या दप्तराला जो भाव यायचा! एरवी कुणी ढुंकून बघत नाही, त्या महिन्यात विरोधक माझ्या दारात, जन्मनोंदीची नक्कल हवी म्हणून. एकाने तर तिसरं पोरगं मेव्हण्याचं आहे म्हणून सांगितलं. पोरगं शेजारीच उभं होतं, बापाच्या नाकासकट.

विदाविदुषी (मंगळ, दुपारी १२:३०)

दप्तरदार, सर्वोत्तम प्रतिसाद. हो, ते आकडे तिथलेच.

त्याला पुस्ती. नोंदी अगदी शंभर टक्के बरोबर असत्या तरी मास्तरांच्या गावात मृत्यू जास्तच दिसले असते, कारण गावात राहिलेच म्हातारे. मृत्युदर जास्त म्हणजे आरोग्य वाईट असं नसतं. २०२० मध्ये केरळचा मृत्युदर ७.० आणि बिहारचा ५.४. म्हणून काय बिहारचे दवाखाने चांगले? केरळात म्हातारी माणसं जास्त, एवढाच अर्थ. तिथे त्या वर्षी हजारी ६ बाळं दगावली, बिहारमध्ये त्याच्या कितीतरी पट. २०२१ ला देशाचा मृत्युदर ७.५ वर गेला त्यामागे करोना होता, पण यापुढे करोनाशिवायही तो हळूहळू चढत जाणार. १९५०-६०-७० मध्ये जन्मलेल्या भल्यामोठ्या पिढ्या आता साठी-सत्तरीला येताहेत. जन्मदर खाली आणि मृत्युदर वर, दोघे एकमेकांकडे चालत येताहेत. भेटतील त्या दिवशी नैसर्गिक वाढ शून्य.

कल्याण_स्लो (मंगळ, दुपारी १:१५)

ओके, कायद्याचं मागे घेतो. आंध्रने तर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन मुलांची अट काढून टाकली आणि मुख्यमंत्री जास्त मुलं होऊ द्या म्हणताहेत, हे आत्ताच गुगलून बघितलं. लोल. पण मला एक सांगा, मग माझ्या गाडीतली गर्दी कधी कमी होणार?

विदाविदुषी (मंगळ, दुपारी १:२२)

ती रेल्वेला विचारा. जन्मदराने लोकलचे डबे वाढत नाहीत. आणि आंध्र, तामिळनाडूची धास्ती वेगळीच आहे. लोकसभेच्या जागा राज्यांना अजूनही १९७१ च्या खानेसुमारीवर वाटलेल्या आहेत. नव्या आकड्यांवर वाटल्या तर ज्यांनी आधी पाळणे थांबवले त्यांच्या जागा तुलनेने कमी होणार. त्यावर वेगळा धागा हवा, इथे नको.

नर्सबाई_बार्शी (मंगळ, सायं ५:४५)

एक राहिलं. तुम्ही सगळे दोन-दोन म्हणताय, पण दोनात काय काय केलं लोकांनी ते कुणी लिहिलं नाही. कुटुंब लहान हवं पण त्यात मुलगा हवाच, मग सोनोग्राफीच्या खोलीत काय झालं ते मला माहीत आहे. २०११ ला बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे ८०७ मुली. साताऱ्याकडे तर पोरींची नावंच नकुशी. त्याच साली अडीचशेहून जास्त नकुशींना नवी नावं दिली सरकारने. आता त्या पोरी लग्नाच्या झाल्या असतील. माझ्याकडचे बाप्ये आता मुलासाठी मुलगी मिळत नाही म्हणून माझ्याकडे येतात, "बाई, तुमच्या ओळखीत बघा." मी म्हणते, माझ्या ओळखीतल्या निम्म्या तुम्हीच येऊ दिल्या नाहीत.

नात म्हणते आजी बास. बास.

गंगाकाठचा_बँकवाला (मंगळ, सायं ६:३०)

🙏 निःशब्द.

कातळकोना (बुध, रात्री ९:१०)

सगळ्यांचे आभार. दप्तरदारांची दुरुस्ती मान्य. आज मुद्दाम विचारून बघितलं. गेल्या वर्षी आमच्या गावातल्या घरांत, कुठेही जन्मलेली धरून, ९ बाळं झाली. त्यांतली ६ बाळं आज गावात नाहीत, आईबापाबरोबर मुंबई-ठाण्याला. म्हणजे नैसर्गिक वाढ उणे ७ नव्हे, उणे २. आणि उरलेलं सगळं एसटीत बसून गेलं.

भावाला फोन केला होता. त्याला म्हटलं, तुझी गर्दी आणि माझी रिकामी शाळा एकच आहे. म्हणाला, बरं, पुढच्या खेपेला येताना एक बाक घेऊन जातो, गाडीत बसायला होईल.

येत्या खानेसुमारीला, १ मार्च २०२७ ची, बहुतेक मलाच प्रगणक करतील. यंदा मोबाइलवर भरायचं आहे म्हणे. ती म्हातारी करोनाच्या आधीच गेली. घराला कुलूप आहे. तुळशीला पाणी शेजारीण घालते.

तिरकीट (बुध, रात्री ९:२०)

मास्तर, पट ७ च ना अजून?

कातळकोना (बुध, रात्री ९:२४)

सोमवारपासून ६. तिसरीतला एक वडिलांबरोबर टिटवाळ्याला गेला. दाखला आजच दिला.

कल्याण_स्लो (बुध, रात्री ९:३१)

टिटवाळा म्हणजे आमच्याच बाजूला. एक वाढला.

कातळकोना (बुध, रात्री ९:३३)

हो. हुशार आहे हो, तीसपर्यंत पाढे पाठ आहेत. गाडीत दिसला तर खिडकीजवळ जागा द्या त्याला.